आकडा जन्माचा, माप वेगळं

ग्लॉक 17 हे पूर्ण आकाराचं पिस्तूल. 19 त्याहून लहान, 26 त्याहूनही लहान आणि 34 मात्र 17 पेक्षा लांब! या ऑस्ट्रियन कंपनीच्या आकड्यांवरून मापाचा अंदाज बांधायला गेलं, की हमखास फसगत होते. कंपनीचे संस्थापक गास्टन ग्लॉक यांचं ते सतरावं पेटंट होतं, म्हणून पहिल्या पिस्तुलाला 17 हे नाव पडलं. पुढची मॉडेलं आली तसे पुढचे आकडे मिळत गेले. थोरला-धाकटा जन्मावरून ठरतो, उंचीवरून नाही, तसंच हे.

खरी मांडणी तीन गोष्टींवर चालते: नळीची लांबी, मुठीची उंची आणि काडतुसाचा प्रकार. 17 ची नळी 114 मिलिमीटर आणि मॅगझिनमध्ये 17 काडतुसं; 19 मध्ये 102 मिलिमीटर आणि 15; 26 मध्ये 87 मिलिमीटर आणि 10. आतली चापाची यंत्रणा मूळ रचनेत एकच. 17 चं मॅगझिन 19 किंवा 26 मध्ये बसतं, फक्त मुठीखाली थोडं बाहेर डोकावतं. उलट मात्र जमत नाही, कारण आखूड मॅगझिन उंच मुठीतल्या खिटीपर्यंत पोचतच नाही. 2018 च्या 19एक्समध्ये तर मूठ 17 ची आणि लांबी 19 ची.

मग नवं मॉडेल काढणं म्हणजे नुसती कापाकापी का? इथेच भौतिकशास्त्र आडवं येतं. सुमारे 8 ग्रॅमची गोळी सेकंदाला 350 मीटरच्या आसपास वेगाने पुढे जाते, तेव्हा तिच्या संवेगाइतका (वजन गुणिले वेग) धक्का वरच्या पोलादी स्लाइडला, म्हणजे नळीवरच्या सरकत्या भागाला, मागे बसतो. स्लाइड आखूड केली की ती हलकी होते, म्हणून जास्त वेगाने मागे येते. आणि तिला थोपवणाऱ्या स्प्रिंगला जागा मात्र कमी उरते. त्यामुळे 26 मध्ये एकात एक बसवलेल्या दोन स्प्रिंगा आल्या. .40 कॅलिबरच्या, म्हणजे 0.40 इंच व्यासाच्या, गोळीचा संवेग या गोळीच्या साधारण सव्वापट. तिच्यासाठी पाचव्या पिढीत स्लाइडच जाड आणि जड करावी लागली.

‘पिढी’ हा या कंपनीचा सुधारणेचा मार्ग. मॉडेलचा आकडा तोच राहतो, आतले बारकावे बदलतात. 2010 च्या चौथ्या पिढीत दुहेरी स्प्रिंग मोठ्या पिस्तुलांतही आली आणि मुठीचा मागचा भाग हाताच्या मापानुसार बदलता येऊ लागला. पण 2011 मध्ये कंपनीला त्या स्प्रिंगा ग्राहकांना मोफत बदलून द्याव्या लागल्या. एका स्प्रिंगचा ताण बदलला की सगळ्या यंत्राची लय बदलते, ती अशी. तिसऱ्या पिढीने मुठीवर आणलेल्या बोटांच्या खाचा 2017 च्या पाचव्या पिढीने काढून टाकल्या. सगळ्यांची बोटं एका मापाची नसतात, हे मला तरी आधीच उघड वाटतं. बदल सावकाश होतात, कारण पोलीस दलांकडे जुनी मॅगझिनं, पिस्तुलाची म्यानं आणि प्रशिक्षण आधीपासून असतं. ते सगळं एका फटक्यात मोडीत काढून कसं चालेल?

सिग साउअर या दुसऱ्या पिस्तूल कंपनीने 2014 मध्ये पी320 हे पिस्तूल आणताना वेगळी वाट धरली. त्यात अनुक्रमांक असतो आतल्या पोलादी चाप-यंत्रणेवर, आणि अमेरिकेच्या कायद्याने तेवढा भाग म्हणजेच पिस्तूल. मूठ, स्लाइड, नळी त्याभोवती बदलत राहतात. 2017 मध्ये अमेरिकन लष्कराने याच पिस्तुलाची दोन मापं निवडली: लांब एम17 आणि आखूड एम18.