टॉन्सिल काढण्याच्या पद्धती : कुठली कोणासाठी, आणि घरी गेल्यावर काय

टॉन्सिलचे ऑपरेशन ठरले की पुढचा प्रश्न हमखास येतो, "लेझरने कराल ना?" मुंबईच्या भावाने फोनवर सांगितलेले असते, नाहीतर मोबाइलवर जाहिरात पाहिलेली असते. आमच्या कुडाळच्या कान-नाक-घसा क्लिनिकमध्ये लेझर नाही आणि टॉन्सिलसाठी ते घ्यायचा विचारही नाही. का नाही आणि त्याऐवजी काय आहे, हे ओपीडीच्या गर्दीत धड सांगून होत नाही. म्हणून हे पत्रक. घरी नेऊन सावकाश वाचा, आणि आजीलाही वाचून दाखवा, कारण ऑपरेशननंतर मुलाचे खाणेपिणे बहुधा तिच्याच हातात असते.

आधी, ऑपरेशन लागते का?

टॉन्सिल मोठे दिसतात एवढ्यावरून ते काढत नाहीत. लहान मुलांत ते मोठे असतातच, आणि वयाबरोबर आक्रसतात. वारंवार घसा धरत असेल तर जगभर वापरला जाणारा हिशेब असा: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा. यातली प्रत्येक वेळ म्हणजे ताप, टॉन्सिलवर पू, मानेत गाठ किंवा तपासणीत जंतू सापडणे, नुसती खवखव नव्हे. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठवणीवर गेलो तर प्रत्येक आई "दर महिन्याला" म्हणते. हिशेबात बसत नसेल तर आम्ही थांबायला सांगतो.

दुसरे कारण झोपेचे. मूल मोठ्याने घोरते, मध्येच श्वास अडकतो, मग दचकून कूस बदलते. अशा मुलाचा झोपेतला व्हिडिओ काढून आणा. त्यात टॉन्सिलबरोबर नाकामागचे ॲडेनॉइडही (टॉन्सिलसारखीच एक गाठ) बहुधा काढावे लागते.

"काढल्यावर प्रतिकारशक्ती जाईल का?" घशात आणि जिभेच्या मुळाशी तेच काम करणारी भरपूर पेशीजाळी शिल्लक राहते. त्याची काळजी नको.

आत नेमके काय करतात

पूर्ण भूल देतात, तोंड उघडे धरणारे उपकरण लावतात, आणि सगळे काम तोंडातूनच होते. बाहेर काप नाही, टाका नाही. टॉन्सिल एका पातळ वेष्टनात असतो, आणि वेष्टनाच्या पलीकडे लगेच घशाचा स्नायू. दुखणे आणि रक्तस्राव, दोन्ही त्या स्नायूच्या उघड्या पृष्ठभागाशी जोडलेले आहेत. म्हणून पद्धतींची तुलना करताना दोनच गोष्टी बघायच्या: स्नायू उघडा पडतो का, आणि त्याला किती उष्णता लागते.

कोल्ड डिसेक्शन. सगळ्यात जुनी आणि अजूनही भक्कम. वेष्टनासकट टॉन्सिल उपकरणांनी सोडवून काढायचा, रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधायच्या. ऑपरेशनच्या वेळी रक्त थोडे जास्त जाते, वेळही जास्त लागतो, पण भाजणे अजिबात नाही. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली सुमारे ३४ हजार रुग्णांची नोंद ठेवून तपासणी झाली. एकूण शंभरात साडेतीन जणांना नंतर रक्तस्राव झाला. उष्णता अजिबात न वापरता केलेल्यांत तो सगळ्यात कमी होता, आणि विजेच्या उष्णतेने काढलेल्यांत त्याच्या दुपटीहून जास्त. "जुनी पद्धत म्हणजे मागासलेली" असे वाटणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

बायपोलर. चिमट्याच्या दोन टोकांमधून वीज जाते, ऊती कापतात आणि रक्तही तिथेच थांबते. काम झटपट होते, टेबलावर रक्त फार कमी जाते. पण तापमान कित्येक शे अंशांवर जाते, त्यामुळे नंतर दुखणे जास्त. आम्ही हा चिमटा मुख्यतः एखादी हट्टी रक्तवाहिनी बंद करायला वापरतो, सगळा टॉन्सिल काढायला क्वचित.

कोब्लेशन. मिठाच्या पाण्यातून रेडिओ लहरी सोडून ऊती विरघळवायच्या. तापमान साधारण ४० ते ७० अंश, म्हणून आजूबाजूला भाजत नाही. जाहिरातीत 'वेदनारहित' म्हणतात, ते खरे नाही. याने पूर्ण टॉन्सिल काढला तर पहिल्या दिवशी दुखणे थोडे कमी असते, आठवड्याने फरक फारसा उरत नाही, आणि उशिरा होणारा रक्तस्राव कोल्डपेक्षा कमी असतो असे म्हणता येत नाही. त्याचा खरा उपयोग पुढच्या पद्धतीत.

वेष्टन ठेवून काढणे. शहाळ्यातली मलई खरवडून घ्यावी आणि करवंटी तशीच ठेवावी, तसे. टॉन्सिलचा गाभा कोब्लेशनने काढतात, वेष्टन जागेवर राहते, स्नायू उघडा पडत नाही. त्यामुळे दुखणे स्पष्टपणे कमी, मूल लवकर जेवते, रक्तस्रावाचा धोकाही कमी. तोटा एवढाच की थोडा गाभा राहतो आणि काही मुलांत तो पुन्हा वाढतो. त्यातल्या मोजक्यांना पुन्हा ऑपरेशन लागते. घोरणाऱ्या, श्वास अडकणाऱ्या लहान मुलांसाठी आमची पहिली पसंती हीच. एका बाजूचाच टॉन्सिल मोठा असलेल्या किंवा टॉन्सिलभोवती गळू होऊन गेलेल्या मोठ्या माणसाचा मात्र आम्ही पूर्णच काढतो.

लेझर आणि ध्वनिलहरींचे हार्मोनिक स्काल्पेल, दोन्हींनी टॉन्सिल निघतो. पण वर सांगितलेल्या पद्धतींपेक्षा रुग्णाचा ठळक फायदा दिसलेला नाही, बिल मात्र वाढते.

कोब्लेशनचा वाँड, म्हणजे तोंडात घालून ऊती विरघळवायची कांडी, एकदाच वापरायचा असतो, म्हणून त्या पद्धतीचा खर्च जास्त. वाँडची रक्कम आम्ही अंदाजपत्रकात वेगळी लिहून देतो आणि पाकीट तुमच्यासमोर उघडतो. दुसरीकडे करणार असाल तरी हे विचारून घ्या.

तुमचे घर कुठे, हेही आम्ही विचारतो

रक्तस्राव पहिल्या २४ तासांत होऊ शकतो, तेव्हा रुग्ण आमच्याकडेच असतो. दुसरा धोक्याचा काळ पाचव्या ते दहाव्या दिवसाचा, जखमेवरची पांढरी साय सुटते तेव्हाचा. त्या वेळी तुम्ही घरी असता. कुडाळ-कणकवलीत राहणाऱ्याला ती गोष्ट वेगळी, आणि दोडामार्गच्या आतल्या वाडीत किंवा पावसात घाटाखाली दरड आली की अडकणाऱ्याला वेगळी. म्हणून पूर्ण टॉन्सिल काढायचा असेल आणि घर लांब असेल तर आम्ही कोल्ड डिसेक्शनकडे झुकतो, आणि ते दहा दिवस जवळच्या नातेवाइकाकडे राहायला सुचवतो. गणपतीत चाकरमान्यांनी "आलोच आहोत तर उरकून घेऊ" म्हणून चौथ्या दिवशी मुंबईची गाडी पकडायची, हे आम्हाला मान्य नाही. रात्रभराच्या प्रवासात रक्त आले तर करणार काय?

रक्त आले तर: मुलाला बसवून पुढे वाकवा, रक्त गिळू न देता वाटीत थुंकायला लावा, खायला-प्यायला काही देऊ नका, आणि १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. आमच्याकडेच आणायचा हट्ट नको. झोपेत मूल सारखे गिळत असेल तर दिवा लावून तोंडात बघा. रक्त आपोआप थांबले तरी त्याच दिवशी दाखवा.

घरी

चौथ्या दिवशी हटकून फोटो येतो: "डॉक्टर, घशात पांढरा पू झालाय." तो पू नसतो, जखम भरतानाची साय असते. बोटाने, कापसाने पुसायला जाऊ नका. तोंडाला वास येईल, कानही दुखेल. कानात काही झालेले नसते, घशाची आणि कानाची एक नस समाईक आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसात दुखणे वाढते. दुखेल तेव्हा औषध असे नको, लिहून दिलेले वजनाप्रमाणे घड्याळ लावून द्या. घरातली ॲस्पिरिन किंवा कोडीनचे खोकल्याचे औषध मुलाला अजिबात नको.

खाण्यावरून आमचे आज्यांशी नेहमी वाजते. "घशाचा ऑपरेशन आणि आइस्क्रीम? वेडे झालास काय?" आजी, थंड चालते. जेवल्याने घसा हलतो, दुखणे लवकर कमी होते. न खाणारे, पाणी न पिणारे मूलच परत दाखल करावे लागते. उकड्या तांदळाची पेज कोमट करून, तिखट न घातलेली कुळथाची पिठी आणि मऊ भात, शहाळ्याचे पाणी, दूध, घावणे भिजवून. सोलकढी आणि तिवळ आंबट असल्याने झोंबते, दोन आठवडे थांबा. खाजा, चिवडा, कडक पाव, काट्याचे मासे तेवढेच दिवस बंद. शाळा, सायकल, पोहणे, जत्रेची गर्दी, हेही दोन आठवडे नाही.

येण्याआधी

सहा तास आधी जेवण आणि दूध बंद, दोन तास आधी पाणीही. मुलाचा हलणारा दात असेल तर आवर्जून सांगा, भूल देताना तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. घरात कोणाला जखमेतून किंवा दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागत असेल तर तेही सांगा. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकलतो, त्याचे पैसे घेत नाही. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी आधी दाखवा: बऱ्याच पॉलिसींत टॉन्सिलसाठी पहिली दोन वर्षे दावा मिळत नाही, आणि ते ऑपरेशनच्या सकाळी कळण्यापेक्षा आठवडाभर आधी कळलेले बरे.