पार्श्वभूमी : रास्पबेरी पायवरचा सिंथेसायझर आणि ३१,२५० चा आकडा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला (थोडक्यात 'पाय') पाच पिनांच्या सॉकेटचा जुना वाजवायचा कीबोर्ड जोडायला घेतला की पहिली अडचण आवाजाची नसते, वेगाची असते. वाद्यांनी एकमेकांना सूर कळवायची पद्धत म्हणजे मिडी, आणि तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. लिनक्समधल्या सीरियल पोर्टच्या (एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या जोडणीच्या) ठरावीक वेगांची यादी १९,२००, ३८,४००, ५७,६०० अशी जाते. त्यात ३१,२५० नाहीच.

१९८१ मध्ये सिक्वेन्शियल सर्किट्स या सिंथेसायझर कंपनीचे डेव्ह स्मिथ यांनी सिंथेसायझर एकमेकांना जोडण्याचा आराखडा मांडला, तेव्हा वेग १९,२०० धरला होता. रोलँड आणि इतर जपानी कंपन्यांशी चर्चा होऊन तो वाढला. १ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ३२ ने भागलं की नेमके ३१,२५० येतात. त्या काळच्या स्वस्त चिपना हा भागाकार सहज जमायचा. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एकमेकांना जोडून दाखवले गेले. पट्टी दाबली की तीन बाइट जातात: चॅनेलसह 'सूर सुरू', सुराचा क्रमांक आणि जोर. प्रत्येक बाइटला सुरुवात-शेवटच्या खुणांसह १० बिट, म्हणजे एका सुराला ०.९६ मिलिसेकंद. ही मर्यादा आजही तशीच आहे.

पीसीच्या सीरियल पोर्टचं घड्याळ मात्र १.८४३२ मेगाहर्ट्झचं. त्यातून ३८,४०० सुबक निघतात, ३१,२५० निघत नाहीत. पायवरची तोड मोठी देखणी आहे. 'मिडी-यूआर्ट-०' हा ओव्हरले (हार्डवेअरची माहिती बदलणारी छोटी फाइल) लावला की सीरियल पोर्टच्या ड्रायव्हरला घड्याळ ५,८९,८२,४०० हर्ट्झचं आहे असं सांगितलं जातं. खरं असतं ४,८०,००,०००. प्रोग्रामने ३८,४०० मागितले की ड्रायव्हर सांगितलेल्या आकड्यावरून १,५३६ हा भाजक काढतो, त्याने खरं घड्याळ भागलं जातं आणि तारेवर नेमके ३१,२५० उतरतात.

२०१६ च्या पाय ३ मध्ये चांगला यूआर्ट (सीरियल पोर्ट चालवणारा भाग) ब्लूटूथकडे गेला. उरलेल्या मिनी यूआर्टचा वेग चिपच्या कमी-जास्त होणाऱ्या कोअर घड्याळाबरोबर हलतो, मग सूर गळतात किंवा अडकून वाजत राहतात. म्हणून ब्लूटूथ बंद करावं आणि त्याच पोर्टवर लिनक्सचे संदेश पाठवणारा सीरियल कन्सोलही काढावा.

मिडी इनला, म्हणजे संदेश आत येतात त्या सॉकेटला, ऑप्टोकपलर (तारा न जोडता प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा भाग) लागतो. दोन यंत्रांचं अर्थिंग जोडलं जाऊन घरघर येऊ नये म्हणून १९८३ पासूनच तो नियमात आहे. ६एन१३८ या नेहमीच्या ऑप्टोकपलरला ५ व्होल्ट लागतात आणि पायची पिन ३.३ व्होल्टच सोसते, तेव्हा ३.३ वर चालणारा एच११एल१ घ्यावा. त्याच्या एलईडीला उलट दिशेने १एन४१४८ डायोड आणि मालिकेत २२० ओहम.

आवाजासाठी फ्लुइडसिंथ हा सिंथेसायझर प्रोग्राम आणि एखादा साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांची फाइल). हेडफोन जॅकचा आवाज खरखरीत असतो, यूएसबी साउंड कार्ड लावा. फ्लुइडसिंथचे मूळ बफर (वाजण्याआधी आवाज साठवणारे कप्पे) ६४ नमुन्यांचे १६, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर सुमारे २३ मिलिसेकंद. पट्टी दाबल्यावर सूर उशिरा आल्याचं बोटांना कळतं. बफर ३ केले की उशीर ४.४ वर येतो. तडतड ऐकू आली तर प्रोसेसर मागे पडतोय: बफर एकेक वाढवा, नाहीतर एकाच वेळी वाजणाऱ्या आवाजांची संख्या २५६ वरून ६४ वर आणा.