घरचा कॉम्प्युटर सेटअप (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत टेबलावर जो डेस्कटॉप असतोय, म्हणजे सीपीयू (इथं अख्ख्या पेटीलाच सीपीयू म्हणतात, आतल्या प्रोसेसरला नाही), मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, यूपीएस आणि वायफायचा राउटर, ते सगळं मिळून सेटअप. तो जोडणं, अधेमधे वाढवणं आणि दरवर्षी पावसाळ्यातून सुखरूप बाहेर काढणं, या तिन्हींबद्दल ही नोंद. प्रोसेसर कुठला चांगला हे पुण्यात आणि बेळगावात एकच असतंय, पण मशीन किती वर्षं चालणार ते इथं ठरतंय भिंतीतल्या अर्थिंगवर, जून ते सप्टेंबरच्या ओलीवर आणि शेजारी कुठला धंदा चालतो त्याच्या धुळीवर. म्हणून खाली त्यावरच जास्त लिहिलंय.

घरात डेस्कटॉप येण्याची कारणं बरीच. व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) १९९८ ला बेळगावात आली, इंजिनिअरिंगची पोरं आधीपासून होतीच, ती वाढली. उद्यमबागेत फाउंड्री आणि सीएनसीची (कॉम्प्युटरनं चालणाऱ्या यंत्रांची) कामं, त्यांची ड्रॉइंग घरी बसून करणारे आहेत, लग्नपत्रिका आणि बॅनरचं डीटीपी करणारे आहेत, दुकानाचा हिशोब टॅलीत घालणारे आहेत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा घरात आल्या तेव्हा माळ्यावर टाकलेले जुने सीपीयू सुद्धा खाली उतरले, पुसले, आणि त्यातले बरेच चालू झाले.

करंट आणि अर्थिंग

इथं वीज जात नाही, करंट जातोय. कन्नडमध्येही तोच शब्द, त्यामुळं गल्लीत एकदम अंधार झाला की दोन्ही भाषांतनं एकच ओरड ऐकू येतेय.

शहापूर, वडगाव किंवा गावातल्या जुन्या गल्ल्यांतली कौलारू घरं बघा, वायरिंग दोन तारांचं, सॉकेटला तिसरं भोक असतंय पण त्याच्या मागं वायरच नसते. अशा घरात सीपीयूच्या पत्र्याला अनवाणी पायानं हात लावला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात मशीन खराब आहे, दुकानात नेऊन परत आणतात, तिथं काहीच सापडत नाही, कारण दोष मशीनमध्ये नसतोच. एसएमपीएसच्या (पेटीतल्या पॉवर सप्लायच्या डब्याच्या) आत करंट गाळणारे छोटे कपॅसिटर दोन्ही तारांपासून पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो, नसेल तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहतो. करंट फार थोडा असतोय म्हणून शॉक बसत नाही, पण टीव्हीची एचडीएमआय वायर तशीच चालू मशीनला लावली तर पोर्ट जाऊ शकतंय.

वायरमनला बोलवून मीटर लावून घ्यायचा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ साधारण तितकंच, आणि न्यूट्रल ते अर्थ २-३ व्होल्टच्या आत, हे तीन आकडे बरोबर यायला पाहिजेत, पण नुसत्या आकड्यांवर जाऊ नका. काही वायरमन सॉकेटातच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला एक तुकडा जोडून देतात आणि 'झालं की अर्थिंग, बघा मीटर बरोबर दाखवतोय' म्हणतात. हे अजिबात करू देऊ नका. वर खांबावर किंवा बोर्डात कुठं न्यूट्रल सुटला तर सीपीयूच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील, आणि त्या पत्र्याला पोरं हात लावतात. खरं अर्थिंग म्हणजे परसात खड्डा, त्यात प्लेट किंवा रॉड, कोळसा, मीठ. खानापूर बाजूच्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात तो खड्डा वाळतो आणि अर्थिंग कमजोर होतंय, एप्रिल-मे मध्ये अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला लागतंय.

आता यूपीएस. घरगुती ६०० व्हीए चा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, आत १२ व्होल्ट ७ एएच ची एक बॅटरी, साध्या मशीनला १०-१५ मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करून बंद करायला पुरे. ही बॅटरी २-३ वर्षांत बसतेय आणि बसली की लोक अख्खा यूपीएस भंगारात देतात, ते चुकीचं आहे, बॅटरी सुटी मिळते आणि बदलणं चार स्क्रूचं काम आहे.

घरात मोठा इन्व्हर्टर असेल तर यूपीएस कशाला, असं सगळेच विचारतात. कारण असं आहे की करंट गेल्यावर कॉम्प्युटरचा एसएमपीएस साठवलेल्या चार्जवर साधारण १६-१७ मिलीसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बदलायला त्याहून जास्त वेळ घेतो, पंख्याला कळत नाही पण मशीन रीस्टार्ट होतंय. बऱ्याच इन्व्हर्टरला मागं किंवा पुढं एक बटन असतंय, ते यूपीएस मोडवर टाकलं की बदल १० मिलीसेकंदच्या आसपास होतोय आणि मशीन चालू राहतंय. इतकं छोटं बटन, पण वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. फक्त यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज जरा पडलं तरी इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातोय, त्यामुळं खेड्यात जिथं मळ्यातल्या पंपांना थ्री फेज सुटलं की घरातला दिवा पिवळा होतो तिथं बॅटरी लवकर झिजते.

स्टॅबिलायझर मात्र आता लागत नाही. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट स्वतःच सांभाळतो, त्याच्या लेबलवर लिहिलेलं असतंय, वाचून घ्या. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा हलका एसएमपीएस घेऊ नये, हातात घेऊन वजन बघितलं तरी फरक कळतोय. ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन १०० वॅटच्या आसपास खातं, त्याला ४५० वॅटचा ८० प्लस शिक्का (कमी वीज वाया घालवतो याचा) असलेला एसएमपीएस भरपूर झाला. पैसे कमी असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या पण इथं काटू नका, प्रोसेसर पुढच्या वर्षी बदलता येतोय, जळालेला मदरबोर्ड (सगळे पार्ट बसतात तो मुख्य बोर्ड) नाही.

वळवाचा पाऊस सुरू झाला, आभाळ गडगडायला लागलं, की प्लग काढायचा, आणि राउटरला बाहेरून येणारी तांब्याची वायर असेल तर ती सुद्धा. वीज बऱ्याचदा त्या वायरीतनं येऊन लॅन पोर्ट (नेटची वायर लावायची जागा) घेऊन जाते. फायबरला हा धोका नाही पण त्याच्या अडॅप्टरला आहे.

जोडणी

सुटे पार्ट बेळगावात मिळतात, नाही मिळाले तर लोक हुबळी किंवा कोल्हापूरला जातात, दोन्हीकडं शंभर-सव्वाशे किलोमीटर, अथणीवाल्यांना मिरज-सांगली जवळ. दुकानात 'अण्णा, हा बोर्ड दाखवा की' म्हणून मराठीत सुरुवात होते, भाव कन्नडमध्ये ठरतो, बिल इंग्लिशमध्ये. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका, वॉरंटीला तोच लागतोय.

जोडताना दोन रॅम घेतल्या तर चार खाच्यांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाच्यात घालायच्या. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्या हीटसिंकच्या मध्ये लावायचा लेप) वाटाण्याएवढी पुरे. बाकी काम पाटीवर बेरीज करण्याइतकं सरळ आहे, चुकीचा पार्ट सहसा चुकीच्या जागी बसतच नाही, जोर लावायला लागला की थांबायचं.

अपग्रेड

जुन्या मशीनला सगळ्यात जास्त फरक पाडते ती एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. हार्ड डिस्क सेकंदाला १००-१५० एमबी वाचते, साधी साटा (हार्ड डिस्कसारखीच वायरीनं जोडायची) एसएसडी ५०० च्या वर, आणि एनव्हीएमई (जास्त वेगाची एसएसडी) तर ३००० च्या पुढं. पण खरा फरक या आकड्यांचा नाही, छोट्या छोट्या हजारो फाइल शोधायला हार्ड डिस्कचा काटा पुढं-मागं फिरतो तो वेळच वाचतोय. २०११-१२ चं मशीन सुद्धा एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातली की टॅली आणि ब्राउझरला पुरतंय.

रॅम घेताना जुनी काढून दुकानात घेऊन जावी. डीडीआर३, ४, ५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी, व्होल्टेज वेगळं (१.५, १.२, १.१), एकाची दुसऱ्यात बसत नाही. प्रोसेसरमध्ये मात्र फसायला होतंय. इंटेलची सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी, दोन्हीचं सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) ११५१, दिसायला सारखं, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर चालत नाही. मी स्वतः असा सेकंडहँड प्रोसेसर घेऊन घरी आलोय, बसला व्यवस्थित, डिस्प्ले काही आला नाही. एएमडीचं एएम४ सॉकेट त्या मानानं दिलदार निघालं, २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) अपडेट करून रायझन ५००० प्रोसेसरपर्यंत जाता येतंय, आधी बोर्ड कंपनीची यादी बघायची. आणि बायोस अपडेट मारताना यूपीएसची बॅटरी ठणठणीत पाहिजे, मध्येच करंट गेला तर बोर्ड मुका होतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतंय, त्यामुळं चांगली चालणारी मशीन बाद म्हणून विकायला निघालीत. पुष्कळ मशीनमध्ये टीपीएम असतंय, फक्त बायोसमध्ये बंद असतंय, ते आधी बघा. खरंच जुनं असेल तर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) घालून पोरांना द्या.

ओल, पूर आणि धूळ

मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिथून जांबोटी-खानापूर पट्टा पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ढगात असतोय. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तशी ओल रॅमच्या सोनेरी पट्टीवर आणि स्लॉटमध्ये बसते, आणि जुलैमध्ये मशीन चालू केल्यावर नुसता बीप येतो. रॅम काढून पांढऱ्या खोडरबरनं पट्टी घासायची, कागदानं झाडायची, परत लावायची, दहातली बरीच मशीन एवढ्यावर उठतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे पावसाळ्यात मशीन रोज तास-दोन तास चालू ठेवणं, आतली उष्णताच ओल मारते. महिनाभर झाकून ठेवलेलं मशीन जास्त आजारी पडतं, प्लास्टिकचं कव्हर तर पावसाळ्यात काढूनच ठेवावं. मागच्या पट्टीचं एखादं झाकण गायब असेल तर पाल आत जाते, पॉवर सप्लायच्या ऊबेला बसते आणि तिथंच मरते, बोर्डासकट.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात चिकोडी, गोकाक, निपाणीकडच्या बऱ्याच घरांत पाणी शिरलं. भिजलेलं मशीन 'चालतंय का बघूया' म्हणून लगेच लावलं की संपलं. आधी बटनसेल (सीआर२०३२) काढायचा, कारण प्लग काढला तरी तो बोर्डाला करंट देत असतो आणि ओल्या बोर्डावर तांबं खात राहतो. मग बोर्ड स्वच्छ पाण्यानं चिखल जाईस्तोवर धुवायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं, सावलीत पंख्याखाली आठवडाभर वाळवायचं. एसएमपीएस टाकून द्यायचा, तो वाचवू नये. हार्ड डिस्कला हवेचं बारीक छिद्र असतंय, त्यातनं पाणी आत जातं, त्यात फोटो असतील तर स्वतः चालू न करता डेटा काढणाऱ्याकडंच द्यायची.

धुळीचं गल्लीगणिक वेगळं आहे. वडगाव, खासबागेत मागाच्या सुताचा बारीक कापूस हीटसिंकच्या पात्यांत गादीसारखा बसतो, ब्लोअरनं जात नाही, चिमट्यानं ओढून काढायला लागतो. निपाणीत तंबाखूची धूळ चिकट, तिला ब्रश आणि अल्कोहोल. उद्यमबागेच्या शेडमध्ये तर लोखंडाची भुकटी, ती करंट वाहते, तिथं मशीन मशिनशॉपपासून वेगळ्या खोलीतच पाहिजे. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरायचा, नाहीतर तो उलटा गरागरा फिरून बेअरिंग जातं.

दोन लिप्या

इथल्या सेटअपला मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड लागतात. इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकलात तर एका कष्टात दोन्ही जमतात, कारण १९९१ पासून भारतीय मानक असलेल्या या मांडणीत अक्षरांच्या जागा सगळ्या भारतीय लिप्यांना सारख्याच आहेत. के च्या बटनावर मराठीत क, कन्नडातही क, आणि शिफ्ट धरून एन दाबलं की दोन्हीकडं ळ. कन्नडवाले जास्त करून नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) वापरतात, सरकारी कामाच्या फाइल त्यात असतात, त्यामुळं तेही घालून ठेवायला लागतंय.

'विंडोज मारायची' म्हणजे फॉरमॅट करायची वेळ आली की लोक फोटो काढून ठेवतात आणि फॉन्ट विसरतात. जुन्या श्रीलिपी किंवा नुडीच्या फॉन्टमधली पत्रिका त्या फॉन्टशिवाय उघडली की नुसती इंग्लिश अक्षरांची खिचडी दिसते, कारण ते युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखं दिसणारं अक्षरांचं मानक) नाहीत. सी ड्राइव्हवरचं फॉन्टचं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्यायचं, मग डेस्कटॉप आणि डाउनलोड, मग टॅलीचा डेटा, आणि मगच फॉरमॅटला हात लावायचा.