‘लिहायचे बाकी’ आणि ‘लिहिणे सुरू’: डर्टी व राइटबॅक या दोन खुणांमधील फरक

बाणेरमधील आमच्या कार्यालयात फाइल सिस्टीमच्या गटात रुजू होणाऱ्या नव्या अभियंत्यांना मी पहिल्याच आठवड्यात विचारतो की, डर्टी पेज म्हणजे काय. ‘ज्यातला मजकूर अजून डिस्कवर पोहोचलेला नाही ते पेज’ हे उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी येते. (पेज म्हणजे फाइलचा मजकूर ठेवणारा मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा.) ऐकायला ते बरोबर वाटते, परंतु ज्या पेजवरील डर्टी खूण पुसलेली आहे त्याचाही मजकूर डिस्कवर पोहोचलेला नसू शकतो, कारण तो वाटेत असू शकतो. वाटेत असल्याची खूण वेगळी आहे. तिला राइटबॅक म्हणतात. या दोन खुणा एकच आहेत असे समजून लिहिलेला कोड महिनोन्‌महिने बिनबोभाट चालतो, आणि मग एखाद्या दिवशी कोणाच्या तरी फाइलमधला एक ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचा ठरावीक आकाराचा तुकडा, जुना निघतो.

लिनक्समध्ये प्रोग्रामने राइट हा सिस्टीम कॉल (कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, केलेली विनंती) केला की मजकूर सहसा लगेच डिस्कवर जात नाही. तो कर्नलच्या पेज कॅशेमध्ये (फाइलींचा मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या मेमरीतील जागेत), बहुतेक संगणकांवर ४०९६ बाइटांच्या पेजमध्ये, उतरवला जातो, पेजला डर्टी खूण लागते आणि कॉल परततो. पुढे फ्लशर थ्रेड (कर्नलमध्ये पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे चालणारे काम) साधारणपणे दर ५ सेकंदांनी जागा होऊन ३० सेकंदांहून अधिक काळ डर्टी राहिलेली पेजेस डिस्ककडे रवाना करतो. हे आकडे मुळात ठरवून दिलेले असले तरी बदलता येतात. डर्टी ही खूण एवढेच सांगते की, या पेजमध्ये असा बदल आहे जो लेखनाच्या कोणत्याही फेरीत अजून सामील झालेला नाही. राइटबॅक सांगते की, एक फेरी निघालेली आहे आणि डिस्कने ती पूर्ण झाल्याचे अजून कळवलेले नाही. दोन्ही खुणा एकाच वेळी लागलेल्या असू शकतात आणि त्यात काहीही विसंगत नाही: फेरी वाटेत असताना कोणी त्याच पेजमध्ये पुन्हा लिहिले, तर त्या पेजची आणखी एक फेरी बाकी राहते.

माझे आजोबा बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळाजुळारी, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे, होते. प्रुफावर नवी दुरुस्ती आली की मुद्रितशोधक त्या पानाच्या नावाची चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत असे, आणि चिठ्ठी आधीच अडकवलेली दिसली तर दुसरी लावत नसे. आजोबांचा शिरस्ता असा होता की, आधी चिठ्ठी काढायची आणि मगच प्रूफ हातात घेऊन खिळे बदलायला बसायचे. काम संपल्यावर चिठ्ठी काढली असती, तर ते बसलेले असताना आलेली दुरुस्ती त्या जुन्याच चिठ्ठीत जमा धरली गेली असती आणि चिठ्ठीबरोबर नाहीशी झाली असती. आमच्या कोडमधला दोष अगदी हाच होता.

त्या कोडमध्ये फ्लशर डर्टी पेज उचलत असे, डिस्ककडे पाठवत असे आणि डिस्कचा होकार आल्यावर डर्टी खूण पुसत असे. ‘पोहोचल्याशिवाय पुसू नये’ या काळजीतूनच तो क्रम ठरवलेला असणार, म्हणून वाचणाऱ्याला तो निर्दोष भासत असे. पण होकार येण्याआधी दुसऱ्या थ्रेडने त्याच पेजमध्ये लिहिले, तर त्याला डर्टी खूण लागलेलीच दिसत असे आणि तो ती तशीच ठेवून पुढे जात असे. मग होकार येऊन खूण पुसली जाई. आता मेमरीत नवा मजकूर, डिस्कवर जुना, आणि पेज स्वच्छ असल्याची ग्वाही. पेज कॅशेमध्ये आहे तोवर वाचणाऱ्या प्रत्येकाला नवाच मजकूर मिळतो, म्हणून चूक दिसत नाही. मेमरीची चणचण भासून कर्नलने ते ‘स्वच्छ’ पेज टाकून दिले की पुढचे वाचन डिस्कवरून जुना मजकूर आणते. कोठेही त्रुटीची नोंद होत नाही. रेस कंडिशनचा (दोन थ्रेडच्या पावलांच्या क्रमावर निकाल अवलंबून राहण्याच्या दोषाचा) मला सर्वांत त्रासदायक वाटणारा प्रकार हा आहे, कारण दोष घडण्याची वेळ आणि तो दिसण्याची वेळ यांत तासांचे अंतर पडू शकते.

पहिला पॅच आला तो लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला पेज हाताळू देणारे कुलूप) वाढवण्याचा: लेखन पूर्ण होईपर्यंत पेजचे लॉक सोडायचेच नाही. त्याने मजकूर हरवणे थांबले, पण त्या पेजमध्ये लिहू पाहणारा प्रत्येक थ्रेड डिस्कच्या वेगाने चालू लागला. लिनक्सनेही हा टप्पा पाहिलेला आहे. २.४ मालिकेपर्यंत लेखन चालू असताना पेज लॉक केलेलेच राही, २.५ मालिकेत राइटबॅक ही स्वतंत्र खूण आली आणि लॉक लवकर सोडणे शक्य झाले. लॉक हे ‘या पेजच्या खुणा मी आत्ता बदलत आहे’ असे सांगण्यासाठी असते, ‘हे पेज प्रवासात आहे’ असे सांगण्यासाठी नाही, आणि ही दुसरी गोष्ट सांगायला राइटबॅक आहे.

खरी दुरुस्ती क्रमाची होती. फ्लशरने पेजचे लॉक घ्यावे, डर्टी खूण पुसावी, राइटबॅक लावावी, लॉक सोडावे आणि मग मजकूर डिस्ककडे धाडावा. होकार आल्यावर फक्त राइटबॅक पुसावी, डर्टीला हात लावू नये. लिहिणाऱ्याने याच्या उलट वागायचे असते: आधी मजकूर बदलायचा आणि मग डर्टी खूण लावायची. एक बाजू खूण पुसून मजकूर उचलते, दुसरी मजकूर ठेवून खूण लावते, त्यामुळे दोघांची पावले कशीही एकमेकांत मिसळली तरी दोनच शक्यता उरतात. बदल याच फेरीत जातो, किंवा खूण पुन्हा लागून पुढच्या फेरीत जातो. क्वचित तो दोन्ही फेऱ्यांत जातो आणि एक लेखन वाया जाते. एक जादा लेखन मी केव्हाही पत्करीन, हरवलेला बदल परत आणता येत नाही.

प्रोसेसर स्वतःच मेमरीच्या व्यवहारांचा क्रम बदलू शकतो, म्हणून हा क्रम केवळ ओळींच्या मांडणीने पाळला जात नाही. कर्नलमधील मार्क बफर डर्टी हे फंक्शन बफर (पेजमधला एका ब्लॉकचा भाग) आधीच डर्टी दिसला, तर लगेच परतत नाही. ते मेमरी बॅरियर (आधीचे व्यवहार नंतरच्यांच्या मागे जाऊ नयेत अशी प्रोसेसरला दिलेली सूचना) टाकून खूण पुन्हा तपासते आणि तरीही ती लागलेली असेल तरच परतते. आमच्या गटातील एकाने ती दुसरी तपासणी निरर्थक समजून आमच्या कोडमधून काढून टाकली होती. ती परत ठेवताना तिच्यावर मी चार ओळींची टीप लिहिली.

आणखी एक बारीक फट राहते. डर्टी पुसली आणि राइटबॅक अजून लागलेली नाही, अशा क्षणी फाइलवर एफसिंक (फाइलचा मजकूर डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणारा सिस्टीम कॉल) चालवणाऱ्या थ्रेडने पाहिले, तर त्याला दोन्ही खुणा दिसणार नाहीत आणि सर्व काही डिस्कवर आहे असे समजून तो परतेल. लिनक्समध्ये यावर उपाय असा आहे की, पेजवरची डर्टी खूण पुसली तरी फाइलच्या पेजांच्या सूचीतील डर्टी टॅग मुद्दाम तसाच ठेवला जातो, आणि राइटबॅक लावतानाच तो काढला जातो. एफसिंक सूची चाळत येतो, टॅग पाहून थांबतो, लॉकची वाट पाहतो. डर्टी पेजेस रवाना करणे आणि राइटबॅकमधील पेजेसची वाट पाहणे ही दोन्ही कामे एफसिंकची आहेत. पहिलेच करून परतणारी एफसिंक खोटे बोलते.

पेजपेक्षा ब्लॉक लहान असला की हिशेब आणखी एका पायरीने खाली उतरतो. १०२४ बाइटांचा ब्लॉक असेल तर ४०९६ बाइटांच्या पेजमध्ये ४ बफर बसतात, आणि डर्टी खूण प्रत्येक बफरला स्वतंत्र असते, तर राइटबॅक अख्ख्या पेजची एकच. चारांपैकी शेवटच्या बफरचे लेखन संपले की ती पुसायची. दोन बफर दोन प्रोसेसरांवर एकाच क्षणी संपले आणि प्रत्येकाला दुसरा अजून चालू दिसला, तर राइटबॅक कोणीच पुसणार नाही आणि एफसिंक कायमची अडकून पडेल. म्हणून ही तपासणी स्पिनलॉकखाली (दुसऱ्या प्रोसेसरला जागीच फिरत वाट पाहायला लावणाऱ्या लॉकखाली) होते.

डर्टी पेज पाठवणे म्हणजे पूर्ण पेज पाठवणे, हा समजही यामुळेच फसवा ठरतो. लिनक्स २.६.१९ च्या सुमारास मेमरीत मॅप केलेल्या (थेट मेमरीसारख्या वाचता-लिहिता येणाऱ्या) सामायिक फाइलींचा मजकूर बिघडत असे, आणि त्यामागची रेस लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी डिसेंबर २००६ मध्ये दुरुस्त केली. मेमरी व्यवस्थापनाचा भाग असे धरून चालला होता की, फाइल सिस्टीमला पेज लिहायला सांगितले की ते सगळे लिहिले जाईल. प्रत्यक्षात त्यातले तेवढेच बफर लिहिले जात जे तोवर डर्टी राहिलेले असत. ती दुरुस्ती २.६.२० मध्ये आली.

डर्टी आधी पुसण्याची एक किंमतही आहे. डिस्कने लेखन नाकारले तर पेजवरून डर्टी खूण केव्हाच गेलेली असते, आणि अनेक फाइल सिस्टीम ती पुन्हा लावत नाहीत. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांना हे कठोरपणे समजले: पहिली एफसिंक अपयशी ठरली आणि पुन्हा करून पाहिली, तर दुसरी यशस्वी झाल्याचे सांगे, कारण तिच्या दृष्टीने लिहिण्यासारखे काही उरलेलेच नसे. फेब्रुवारी २०१९ मधील आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस एफसिंक अपयशी ठरताच मुळात ठरवल्याप्रमाणे स्वतः बंद पडतो आणि लॉगवरून (बदलांच्या नोंदवहीवरून) सावरतो. मला हा निर्णय योग्य वाटतो. ‘डर्टी नाही’ याचा अर्थ ‘डिस्कवर आहे’ असा लावला की येथेच पाय घसरतो.

आमची दुरुस्ती तपासताना लेखन वाटेत असतानाची फट मुद्दाम रुंद करावी लागली. डिव्हाइस मॅपरच्या (लिनक्समधील आभासी डिस्क बनवण्याच्या सोयीच्या) डिले टार्गेटने प्रत्येक लेखनाला विलंब लावला, त्या काळात दुसऱ्या थ्रेडकडून त्याच पेजमध्ये लिहून घेतले, लेखने संपल्यावर ड्रॉप कॅशेस या कर्नलच्या नियंत्रण-फाइलमध्ये १ लिहून कॅशे रिकामा केला आणि फाइल पुन्हा वाचून ताडली. ड्रॉप कॅशेस फक्त स्वच्छ पेजेस टाकून देतो, त्यामुळे चुकीने स्वच्छ ठरलेले पेज लगेच उघडे पडते. जुन्या कोडवर पहिल्याच मिनिटात जुना ब्लॉक हाती आला. नव्या कोडवर ही चाचणी शुक्रवारी संध्याकाळी लावून आम्ही घरी गेलो, आणि सोमवारी सकाळी ती चालूच होती, एकही ब्लॉक न चुकता.