रिसेप्शनचा बो टाय : मूळ कुठलं आणि नियम कशाचे

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर सूट घ्यायला गेलं, की बो टाय बहुधा आयताच मिळतो. पॉलिस्टर सॅटिनची शिवलेली गाठ, मागे पट्टी आणि हूक. त्यामुळे बो टाय म्हणजे सुटावर अडकवायची एक शोभेची वस्तू, अशी समजूत रुजली आहे. खरं तर तो बांधायचा कपडा आहे, गळा बंद करण्यासाठी जन्मलेला. निवडीचे बहुतेक नियम यातूनच निघतात, म्हणून आधी थोडा इतिहास.

तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) फ्रान्सच्या बाजूने लढणारे क्रोएशियन घोडेस्वार गळ्याला रुमाल बांधत. सदऱ्याचा गळा त्याने बंद राही. पॅरिसच्या दरबारी मंडळींनी तो उचलला आणि चौदाव्या लुईच्या काळात त्याला लेस लागली. त्याच शतकात खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं बुऱ्हाणपूर होतं. तिथली पारदर्शक म्हणावी इतकी तलम मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते, अशी नोंद फ्रेंच जवाहीर-व्यापारी तावेर्निये याने केली आहे. गळ्याला रुमाल बांधायची फॅशन युरोपची. पण तसं कापड विणणारे हात खानदेशातही होते, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ब्यू ब्रमेल या नीटनेटक्या पोशाखासाठी नावाजलेल्या गृहस्थाने (१७७८–१८४०) रुमालाला हलकी खळ देऊन तो नीट घड्यांत बांधायला सुरुवात केली. लेस गेली, पांढरंशुभ्र कापड आणि गाठ एवढंच उरलं. पुरुषी पोशाखाला लागलेलं हे सगळ्यात चांगलं वळण. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्यातून कारभार सुरू केला. त्याच वर्षी लंडनमध्ये रुमाल बांधण्याच्या निरनिराळ्या पद्धती दाखवणारी सचित्र पुस्तिका निघाली होती. पुढे कॉलर ताठ झाली, गळा झाकायचं काम तिने घेतलं आणि रुमाल आखूड होत पुढच्या गाठीपुरता उरला. तोच आजचा बो.

काळ्या रंगाचा प्रघात त्यानंतरचा. संध्याकाळच्या पूर्ण पोशाखात टेलकोट आणि पांढरा बो असे. १८६५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे इंग्लंडच्या युवराजाने, लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांकडून मागे शेपट्या नसलेला आखूड कोट शिवून घेतला. १८८६ च्या सुमारास तसा कोट न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्कमध्ये दिसू लागला. या कोटाबरोबर काळा बो रूढ झाला, तोही दिवस मावळल्यावरच घालायचा. तिकडे मेजवान्यांत पाहुण्यांचा बो पांढरा आणि वाढप्यांचा काळा, असा भेद बराच काळ होता.

आपल्याकडे लॉनवरच्या रिसेप्शनला नवरदेव आणि केटररची मुलं दोघांच्याही गळ्यात तोच काळा आयता सॅटिन बो असतो. फरक पडतो तो हाताने बांधलेल्या गाठीने. तिच्या दोन बाजू किंचित कमी-जास्त असतात, मध्यावर खळगा पडतो. शिवलेली गाठ मात्र सपाट दिसते. दुसरा फरक कापडाचा. कोटाची लॅपल, म्हणजे छातीवर दुमडलेली पट्टी, चकचकीत सॅटिनची असेल तर बो सॅटिनचा. लॅपलवर बारीक आडव्या रेघांचं कापड असेल तर बोही तसाच. शक्यतो रेशीम घ्यावं. पॉलिस्टर गुळगुळीत असल्यामुळे गाठ धरत नाही, तासाभरात सैल पडते.

फुलपाखरू आकार कडेला साधारण ६ ते ७ सेंमी उंच असतो. सरळ पट्टीचा ४ सेंमीच्या आसपास. बांधलेला बो डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपेक्षा अरुंद नको आणि चेहऱ्यापेक्षा रुंद नको. भरलेल्या चेहऱ्याला फुलपाखरू, बारीक चणीला सरळ पट्टी.

बांधताना पट्टीवरची खूण शर्टाच्या कॉलरच्या मापावर लावा. डावं टोक चारेक सेंमी लांब ठेवा, उजव्यावरून आडवं न्या आणि खालून वर काढून घट्ट करा. आता आखूड टोकाची आडवी घडी घालून ती गळ्याशी धरा. लांब टोक तिच्या मध्यावरून खाली सोडा. त्या टोकाचीही घडी घाला आणि घडीची बाजू पुढच्या बोच्या मागे झालेल्या फटीतून सरकवा. बुटाच्या नाडीचीच ही गाठ. घट्ट करताना दोन्हीकडच्या घड्या ओढायच्या. मोकळी टोकं ओढली की गाठ सुटते, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं.

बो खाली लोंबत असेल तर दोष बहुधा शर्टाचा. सुती कॉलर धुण्यात आटते, वरचं बटण लागत नाही, मग बोला आधार राहत नाही. शर्ट एकदा धुऊन, बटण लावून, कॉलरमध्ये एक बोट सहज जातं का ते पाहा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा कॉलरला आतून चांगलं बकरम, म्हणजे ताठ अस्तर, हवंच, नाहीतर घामाने ती मान टाकते. कोपरे पुढे दुमडलेल्या उभ्या कॉलरवर आयता बो घालू नये, कारण मागची पट्टी आणि हूक उघडे पडतात.

दुपारच्या मुहूर्ताला काळा बो नकोच. हौस असेल तर सुती किंवा लिननच्या ब्लेझरवर निळा, बारीक ठिपक्यांचा सुती बो शोभतो. जोधपुरीवर तर बोचा प्रश्नच येत नाही, कारण तिचा गळा आधीच बंद असतो. फेटा बांधायचा असेल तर जोधपुरी किंवा शेरवानीच घ्यावी.

कार्यक्रम संपला की गाठ पूर्ण सोडा. बांधलेलाच ठेवला तर आतलं अस्तर गोळा होतं. घामाने ओलसर झालेलं रेशीम सावलीत पसरून सुकवा, पाण्याचा हात लावू नका, डाग राहतो. इस्त्री करायची तर वर सुती कापड ठेवून, मंद आचेवर.