नाचणीला मोड का आणायचे?

घरी करून पाहावा असा एक प्रयोग आहे. साध्या नाचणीच्या पिठाची खीर चांगली घट्ट शिजवायची, इतकी की चमचा त्यात उभा राहील. गॅस बंद करून पाचसात मिनिटं थांबायचं. खीर थोडी निवलेली हवी, पण अजून चांगली गरम. आता तिच्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ टाकून ढवळत राहायचं. एकदोन मिनिटांत खीर सैल पडू लागते आणि थोड्याच वेळात चमच्यावरून धार लागते. पाण्याचा एक थेंबही वरून घातलेला नसतो.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा संगमेश्वराकडची माझी आजी आठवली. घरात तान्हं मूल आलं की चारपाच महिन्यांनी तिचं नाचणी भिजवणं सुरू व्हायचं. बिनमोडाची नाचणी बाळाला द्यायची नाही, ती पोटाला जड पडते, एवढंच ती सांगायची. ‘जड’ म्हणजे काय, हे मला पुष्कळ वर्षांनी अन्नविज्ञान शिकताना उमगलं. नाचणीची जी थोरवी आपण सांगतो, तिच्यातला अर्धा वाटा दाण्याचा आहे. उरलेला अर्धा भिजवण्याचा, मोड आणण्याचा आणि आंबवण्याचा आहे. आज दाणा परत आला, पण त्यामागची मेहनत मागेच राहिली, याची मला खरोखर काळजी वाटते.

आधी खीर पातळ का झाली ते पाहू. नाचणीत सर्वात जास्त असतो स्टार्च, म्हणजे ग्लुकोजच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या. पीठ पाण्यात शिजलं की या साखळ्या पाणी धरून फुगतात आणि एकमेकींत गुंततात. म्हणून खीर दाटते. दाण्याला मोड येतो तेव्हा कोवळ्या अंकुराला अन्न हवं असतं आणि लांब साखळी त्याला तशीच्या तशी वापरता येत नाही. तो अमायलेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करतो. ही विकरं साखळीचे तुकडे पाडतात. खिरीत टाकलेल्या चमचाभर पिठाने हेच काम केलं. भरडधान्यांमध्ये या कामात नाचणीचा हात धरणारं धान्य क्वचितच सापडेल. आफ्रिकेत युगांडासारख्या देशांत मोडाची नाचणी पिढ्यानपिढ्या घरगुती बीअरसाठी वापरतात, ती याच गुणामुळे.

आता बाळाचं पोट. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर मावतं. साध्या पिठाची खीर बाळाला गिळता येईल इतकी पातळ ठेवायची, तर १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅमच्या पलीकडे पीठ घालता येत नाही. त्यातून ३० ते ३५ किलोकॅलरी मिळतात. आईच्या दुधात तेवढ्याच मापात ६५ ते ७० किलोकॅलरी असतात. म्हणजे आईच्या दुधाच्या जोडीला म्हणून दिलेली खीर त्या दुधाच्या निम्म्याच ताकदीची निघते. पोट भरतं, मूल तोंड फिरवतं आणि वजन मात्र वाढत नाही. मोडाचं पीठ असेल तर तेवढ्याच पाण्यात दुप्पट पीठ घालूनही खीर बाळाला झेपेल अशी राहते. भारतात या तत्त्वावर शास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे, त्यात म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ ही दोन नावं आवर्जून घ्यायला हवीत. चमचाभर मोडाचं पीठ रोजच्या खिरीत घालणं, हा कुपोषणावरचा इतका स्वस्त उपाय आहे की तो प्रत्येक अंगणवाडीच्या ताईंना दाखवायला हवा.

इथे एक बारीक गोष्ट आहे. ही विकरं प्रथिनांची बनलेली असतात आणि उकळत्या पाण्यात नष्ट होतात. आजी पीठ आधी थंड पाण्यात कालवायची आणि मंद आचेवर ठेवून ढवळत बसायची. ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्च फुलत असतो आणि विकरंही जोमात असतात. आच मंद असली की त्यांना काम उरकायला वेळ मिळतो, पुढे उकळी येते आणि जंतू मरतात. उकळत्या पाण्यात थेट पीठ सोडलं तर मोड आणण्याची अर्धी मेहनत वाया जाते. मोडाची नाचणी लालभडक होईस्तोवर भाजली तरी तेच होतं.

नाचणी म्हटलं की पहिला शब्द येतो कॅल्शियम, आणि तो योग्यच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे. ज्वारी, बाजरी आणि गव्हाचं पीठ ३० च्या आसपास रेंगाळतात. पॉलिश केलेल्या तांदळात ते ८ मिलिग्रॅमही भरत नाही. गाईच्या दुधात १२० च्या जवळपास असतं. दोन भाकऱ्यांना ११० ग्रॅम पीठ धरलं तर कागदावर ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम झालं. प्रौढ माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम आहे.

कागदावर म्हणाले, कारण दाण्यातलं सगळं कॅल्शियम रक्तात पोचत नाही. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, आतला भाग मऊ आणि लाल साल त्याला घट्ट चिकटलेली. तांदळासारखं तिला पॉलिश करायला गेलं तर दाण्याचा चुराच होतो. म्हणून नाचणी पूर्वापार सालीसकट दळली जाते. कॅल्शियमचा मोठा वाटा सालीतच असल्याने हे आपलं भाग्यच. पण त्याच सालीत टॅनिनं म्हणजे तुरट द्रव्यं असतात आणि दाण्यात फायटिक आम्लही असतं. बियाणं आपला फॉस्फरस या आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. हे आम्ल कॅल्शियम, लोह आणि जस्त यांना धरून बसतं, आपल्या आतड्याला ते सोडवून घेता येत नाही आणि बराचसा ऐवज तसाच बाहेर पडतो.

अंकुराला मात्र तो फॉस्फरस हवा असतो. मोड येताना दाण्यात फायटेज हे विकर जागं होतं आणि फायटिक आम्ल तोडू लागतं. ते सौम्य आंबट वातावरणात अधिक चांगलं काम करतं. आंबिलीसाठी पीठ रात्री पाण्यात किंवा ताकात कालवून ठेवतात, तेव्हा लॅक्टिक आम्लाचे जिवाणू ते मिश्रण हळूहळू आंबट करत नेतात आणि फायटेजला हवं तसं वातावरण तयार होतं. सकाळी त्यात मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालून शिजवलेली आंबील पिऊन माणसं उन्हात शेतावर जात. पाणी, मीठ आणि सुटी झालेली खनिजं एकाच तांब्यातून मिळत. ओडिशातली मांडिया पेज आणि तमिळनाडूतलं कूळ हीदेखील अशीच रात्रभर आंबवलेली नाचणी. एकमेकांची भाषा न कळणारे इतके लोक एकाच युक्तीपाशी पोचले, हे मला फार विलक्षण वाटतं.

याच संदर्भात आपल्या एका आवडत्या पदार्थाबद्दल बोलायला हवं. भिजवलेली नाचणी वाटायची, मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि तळाशी बसलेला गोळा वाळवायचा, याला आपण नाचणीचं सत्त्व म्हणतो. ते पचायला हलकं असतं आणि आजारी माणसाला सोसतं. पण फडक्यात राहिलेला चोथा म्हणजेच साल, आणि कॅल्शियमचा मोठा भाग तिच्यात. तळाशी बसतो तो मुख्यतः स्टार्च. तेव्हा ‘कॅल्शियमसाठी सत्त्व’ हे समीकरण फार जुळत नाही. कॅल्शियम हवं असेल तर मोडाचं पीठ न गाळता, नुसतं बारीक चाळून वापरावं.

लोहाबद्दलही असाच एक गैरसमज घट्ट बसला आहे. नाचणी लाल म्हणून ती रक्त वाढवते, असं पुष्कळ जण मानतात. तो लाल रंग सालीतल्या पॉलिफेनॉलांचा आहे, लोहाचा नाही. नाचणीतलं लोह १०० ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे बाजरीहून कमीच, आणि तेही टॅनिनांमुळे नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन कमी असलेल्या गरोदर बाईने गोळ्या बाजूला ठेवून नाचणीवर विसंबणं धोक्याचं आहे. भाकरीसोबत लिंबू, कच्ची कोबी किंवा आवळा खाल्ला तर लोह शोषायला थोडी मदत होते.

मधुमेहाच्या बाबतीत गंमत अशी की खिरीचा गुण इथे अवगुण ठरतो. साखळ्यांचे तुकडे आधीच पडलेले असले की साखर रक्तात लवकर उतरते. नातवंडाची मोडाची गोड खीर मधुमेही आजोबांनी वाटी भरभरून खाऊ नये. त्यांना बिनमोडाच्या पिठाची जाडसर भाकरी, उसळ आणि भाजी जास्त मानवेल. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, त्यानंतर दुकानांत नाचणीची बिस्किटं आणि कुकीज खूप दिसू लागल्या. पाकिटामागची यादी वाचली तर कितीतरी वेळा मैदा आणि साखर पहिल्या दोन जागांवर आढळतात. त्या नाचणीला ना मोड आलेले असतात, ना ती आंबलेली असते.

मोड घरी आणणं अवघड नाही. नाचणी चारपाच पाण्यांतून धुवायची, कारण बारीक खडे फार असतात. रात्रभर भिजवून पाणी निथळायचं आणि स्वच्छ सुती फडक्यात सैल बांधून टांगायचं. दिवसातून दोनदा पाणी शिंपडलं की दीड ते दोन दिवसांत पांढरे मोड दिसतात. पावसाळ्यात मात्र जपायला हवं. दाणे बुळबुळीत झाले, कुबट वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर सगळंच टाकून द्यायचं, बाळासाठी तर निश्चितच. मोड आलेली नाचणी पंख्याखाली कडकडीत वाळवायची, मग लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर, छान वास सुटेल एवढीच शेकायची. आजी ती सुपात घेऊन तळहाताने चोळायची. वाळलेले मोड गळून पडायचे आणि ती पाखडून ते उडवून द्यायची. मग जात्यावर बसायची, आणि आम्ही मुलं पाळीजवळ पडलेलं गोडसर पीठ बोटाने चाटत तिच्या शेजारी बसायचो.