सीएमएमचा स्टेप गेज कॅलिब्रेशनला पाठवायचाय? पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

आयएसओ १०३६०-२ या मानकाप्रमाणे सीएमएम (सुट्या भागांची मापे घेणारे कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन) तपासताना पाच लांब्या सात स्थितींत, प्रत्येकी तीनदा मोजतात. एकूण १०५ मापे. ती ज्या स्टेप गेजवर (ठरावीक अंतरावर पायऱ्या असलेली मापपट्टी) किंवा स्लिप गेजवर (ठरावीक लांबीचा ठोकळा) घेतली, त्याचेच कॅलिब्रेशनचे, म्हणजे अचूक मापाशी ताडून पाहिल्याचे, प्रमाणपत्र कच्चे असेल तर सगळी मेहनत वाया जाते.

अर्ज कोण करू शकतो? कोणताही कारखाना, टूलरूम, कॉलेज. परवाना लागत नाही. पात्रता बघायची ती प्रयोगशाळेची. तिला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकानुसार मान्यता हवी. चाकण-भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटमध्ये हे विचारले जातेच. पण शिक्का बघून थांबू नका. एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रयोगशाळेचा स्कोप, म्हणजे मान्यता कोणत्या कामांसाठी आहे त्याची यादी, वाचायला मिळतो. त्यात स्टेप गेज आहे का, किती लांबीपर्यंत आणि सीएमसी (प्रयोगशाळा देऊ शकते ती सर्वात कमी अनिश्चितता, म्हणजे मापातली संभाव्य चूक) किती, एवढे नीट वाचा. समजा, मशीनची मान्य चूक १.९ + एल/३०० मायक्रॉन आहे; एल म्हणजे मिमीमधली लांबी. ६०० मिमीवर ती ३.९ मायक्रॉन होते. तिथे ३ मायक्रॉन अनिश्चितता देणारी प्रयोगशाळा कितीही स्वस्त असो, तिच्याकडे जाऊ नये.

प्रयोगशाळा ठरली की कोटेशन मागवा. मागणीपत्रात गेजचा मेक, अनुक्रमांक, लांबी, मटेरियल आणि प्रसरण गुणांक (तापमानाने ते किती वाढते) लिहा. गेजच्या कोणकोणत्या फेसची (मोजायच्या पृष्ठभागांची) मापे हवीत तेही लिहा. पास-फेल हवे असेल तर निर्णयाचा नियम (अनिश्चितता धरून पास कधी म्हणायचे) आधीच ठरवून घ्या, नाहीतर प्रमाणपत्रात फक्त आकडे येतात.

गेजसोबत मागचे प्रमाणपत्र, पर्चेस ऑर्डर, जीएसटी क्रमांक आणि डिलिव्हरी चलन द्यावे. चलनावर ‘कॅलिब्रेशनसाठी, विक्रीसाठी नाही’ असे स्पष्ट लिहा. राज्याबाहेर जाणाऱ्या गेजची किंमत ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिलही लागते. गेज पुसून, गंजरोधक तेल लावून, त्याच्या मूळ पेटीतच पाठवा. गंज, ओरखडे किंवा पुसट झालेला अनुक्रमांक असेल तर प्रयोगशाळा तो परत करू शकते.

तारखेची घाई करू नका. मापे २० अंश सेल्सिअसला धरली जातात आणि ६०० मिमी पोलाद एका अंशाला सुमारे ७ मायक्रॉन वाढते, म्हणजे वर काढलेल्या ३.९ च्या जवळजवळ दुप्पट. गेज खोलीच्या तापमानाला यायला वेळ द्यावाच लागतो.

प्रमाणपत्र हाती आले की अनुक्रमांक, तापमान, अनिश्चितता आणि एनएबीएलचे चिन्ह ताडून पाहा. पुढच्या कॅलिब्रेशनची तारीख त्यावर नसेल तर ती चूक नव्हे. तुम्ही सांगितल्याशिवाय प्रयोगशाळेने ती लिहायची नसते. वापर किती आणि मागच्या प्रमाणपत्रापासून माप किती सरकले, हे पाहून मुदत तुम्हीच ठरवा. मग सीएमएमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाममात्र लांब्यांऐवजी प्रमाणपत्रातल्या प्रत्यक्ष लांब्या भरा. त्या भरेपर्यंत मशीनची तपासणी सुरू करू नका.